एकसष्टाव्या षटकातली एक धाव

सामना कोणता आणि वर्ष कोणतं, हे मी मुद्दाम सांगत नाही. एका वहीतली एक ओळ कुणी ताडून पाहावी अशी माझी इच्छा नाही. सप्टेंबरचा शेवट होता, इंग्लंडमधलं टाँटनचं मैदान होतं आणि सॉमरसेट ह्या काउंटी संघाचा त्या हंगामातला घरच्या मैदानावरचा शेवटचा दिवस होता, एवढं पुरे. चहापान होऊन गेलं होतं. उन्हं तिरपी झाली होती, पंचांच्या सावल्या पार शॉर्ट लेगपर्यंत पोचल्या होत्या. सामना अनिर्णित राहणार हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, तरी कुणी उठत नव्हतं. शेजारच्या बाई मात्र उठल्या. गुडघ्यांवरच्या शालीची घडी करून खुर्चीवर ठेवली, मांडीवरची स्कोअरची वही माझ्या हातात दिली, त्यावर निळ्या शाईचं पेन ठेवलं आणि म्हणाल्या, ‘दोन-तीन षटकं सांभाळशील? आपल्या दोघींना चहा घेऊन येते.’ इतके हंगाम मी त्यांच्या शेजारी बसत आले, पण ती वही त्यांनी कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नव्हती. पंचांनी चौकाराची किंवा बायची, म्हणजे बॅटला न लागता मिळालेल्या धावेची, खूण केली की त्या जागेवरून बोट हळूच वर करतात. अधिकृत स्कोअरर पंचांना हात दाखवतो ना, खूण पोचली म्हणून, तसं. त्यांचं बोट मैदानातल्या कुणालाही दिसत नाही. त्या ते करतातच.

शेवटच्या फेरीची एक गंमत असते. सगळ्या मैदानांवर एकाच वेळी सामने चालू असतात, विजेतेपद कुठे तरी एका गावात ठरत असतं, दुसरीकडे कुणी तरी खालच्या विभागात घसरत असतं. त्यामुळे समोर सामना बघता बघता प्रत्येकाच्या हातात फोन असतो. माझ्याही होता. एकसष्टाव्या षटकाचे पहिले तीन चेंडू मी नीट पाहिले, तिन्ही निर्धाव, तीन टिंबं दिली. मग फोन थरथरला, दुसऱ्या मैदानावर गडी बाद झाला होता, आणि मी मान खाली घातली. प्रेक्षकांतून हलकासा आवाज आला म्हणून वर पाहिलं, तर फलंदाज एकमेकांना ओलांडून पलीकडे पोचले होते. क्षेत्ररक्षक चेंडू परत फेकत होता. पंच नुसते उभे होते. मी फलंदाजापुढे १ लिहिला, गोलंदाजापुढे १ लिहिला. पुढचे दोन्ही चेंडू निर्धाव. पुढच्याच षटकात तो फलंदाज झेलबाद झाला आणि ध्वनिक्षेपकावर त्याच्या धावा सांगितल्या: सदतीस. वहीत अडतीस होत्या.

चेंडू बॅटला लागलेला नव्हता. पॅडला लागून गेला होता, म्हणजे लेगबाय. पंचांनी पाय उचलून गुडघ्याला हात लावला असणार. तेवढ्या वेळात मी फोनकडे बघत होते.

ज्यांनी कधी स्कोअर लिहिला नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल. संघाची बेरीज जुळत होती. फलंदाजाच्या खात्यावर एक धाव जास्त, अवांतरात एक कमी, एकूण तेवढंच. म्हणजे ही चूक कधीच कुणाला सापडणार नव्हती. पण लेगबाय गोलंदाजाच्या नावावर धरत नाहीत. ती धाव मी त्याच्या खात्यात टाकली नसती तर ते षटक निर्धाव होतं. सहा टिंबं जोडून इंग्रजी एम काढायचा असतो, मधल्या टिंबाच्या जागी छोटा उलटा त्रिकोण. गोलंदाज विशीतला पोरगा होता. दिवसभर एकही बळी न मिळता टाकत होता. सप्टेंबर हा काउंटी क्रिकेटमध्ये करार वाढण्याचा नाही तर संपण्याचा महिना. त्या दुपारी त्यानं जे काही कमावलं त्यातलं एक षटक मी त्या वहीत पुसून टाकलं. बाई दोन कप घेऊन आल्या, त्यांनी वही परत घेतली, माझ्या अक्षरावरून नजर फिरवली आणि ‘छान लिहिलंस’ म्हणाल्या. मी गप्प बसले.

बाबांनी मला कान धरून उठवलं असतं. ते पुण्यात क्लबच्या सामन्यांना स्कोअरर म्हणून जायचे. आठवडाभर बँक, रविवारी मैदान. आम्हा भावंडांपैकी मीच त्यांच्याबरोबर जायची, कारण मला त्या टेबलाखाली बसून मैदान बघायला आवडायचं. कनातीचं कापड तापलं की त्याला एक वास यायचा, गवतावर पाणी मारलेलं असायचं, बाबांच्या डब्यातली पोळीभाजी आणि गुळाचा खडा. वारा आला की वहीचं पान उडू नये म्हणून पाण्याचा पेला वर ठेवायचे, त्याचा गोल डाग प्रत्येक पानावर असायचा. ‘लिहिताना मान खाली, चेंडू पडताना मान वर. हे उलटं झालं की संपलं,’ असं ते सांगायचे. बायचा त्रिकोण उभा, लेगबायचा उलटा, हे मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. आणि त्यांचा ठाम नियम होता की खोडायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा आणि बाजूला आपली सही करायची. म्हणजे त्या दिवशी टाँटनला काय करायला हवं होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. पेन हातात होतं. बाई चहाच्या रांगेत होत्या. त्यांच्या त्या देखण्या पानावर माझी रेघ नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांच्यापुढे लाज वाटली होती.

बाबांच्या तोंडी एक गोष्ट कायम असायची. १९४८च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३वर पोचले होते, महाराष्ट्र ४ बाद ८२६, ब्रॅडमनचा ४५२चा विश्वविक्रम हाताच्या अंतरावर, आणि मध्यंतरात काठेवाडच्या कर्णधारानं सामना सोडून दिला. संघ मैदानात परत आलाच नाही. सगळे लोक निंबाळकरांबद्दल हळहळतात. बाबांना मात्र स्कोअररचं वाईट वाटायचं. पेन उघडून बसलेला असेल बिचारा, म्हणायचे, पुढचा चेंडू यायची वाट बघत.

टाँटन हे नाव आपल्याकडे अगदीच परकं नाही. १९८०च्या उन्हाळ्यात व्हिव्ह रिचर्ड्स वेस्ट इंडिजच्या संघाबरोबर इंग्लंडच्या दौऱ्यावर होता, त्याच्या जागी सॉमरसेटनं सुनील गावसकरला घेतलं होतं. दादरच्या नाही तर डेक्कनच्या कट्ट्यावर त्या वेळी सॉमरसेटचे निकाल शोधून वाचले जायचे, असं बाबा सांगायचे. माझी आठवण मात्र २६ मे १९९९ची. विश्वचषकात श्रीलंकेविरुद्ध गांगुली १८३, द्रविड १४५, दोघांची ३१८ धावांची भागीदारी. गांगुलीनं मारलेला चेंडू मैदान ओलांडून मागच्या टोन नदीत गेला. आमच्याकडे बाबा टीव्हीपुढे वही घेऊन बसले होते आणि दोन फलंदाजांपुढचे रकाने संपल्यामुळे समासात लिहीत सुटले होते. मला तेव्हा इतकंच कळलं होतं की जगात एक असं मैदान आहे जिथे चेंडू नदीत पडतो. पुढे नोकरीच्या निमित्तानं नेमकी ह्याच गावात येऊन राहीन हे कुणाला ठाऊक होतं? इथे आल्यावर पहिल्याच रविवारी मी नदीकाठच्या वाटेनं चालत गेले. नदी अरुंद होती, संथ होती. बदकं होती. पलीकडून टाळ्यांचा आवाज आला, जेमतेम शे-दोनशे माणसांचा, ओलसर, अगदी क्लबच्या सामन्यासारखा. मी आत गेले.

आणि २०१७च्या जूनमध्ये ह्याच मैदानावर महिलांच्या विश्वचषकात सांगलीच्या स्मृती मानधनानं वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६ केल्या. पुढच्या उन्हाळ्यात ती वेस्टर्न स्टॉर्म ह्या महिला संघाकडून खेळायला परत इकडे आली. बाईंच्या एका वहीत तिचं ते शतक आहे. मला त्यांनी एकदा ते पान आणून दाखवलं होतं आणि आडनावाचा उच्चार बरोबर करतेय का असं विचारलं होतं. मी दोनदा म्हणून दाखवलं. त्यांनी पेन्सिलीनं समासात आपल्याला समजेल असं लिहून घेतलं.

सॉमरसेट हा क्लब १८७५चा. १८९१पासून काउंटी चॅम्पियनशिप खेळतोय आणि ती त्यानं एकदाही जिंकलेली नाही. एकदाही नाही. ग्लॉस्टरशर आणि नॉर्दम्प्टनशर हे आणखी दोन असे. पण सॉमरसेटचं दुःख निराळं आहे, कारण ते पायरीपर्यंत जाऊन परत येतात. २०१०मध्ये नॉटिंगहॅमशर आणि सॉमरसेट, दोघांचे २१४ गुण झाले आणि जास्त सामने जिंकले म्हणून चषक तिकडे गेला. २०१६मध्ये ह्यांचा सामना आधी संपला, मोठा विजय मिळाला, गुणतक्त्यात हे पहिले. आता लॉर्ड्सवर मिडलसेक्स आणि यॉर्कशर यांच्यातला सामना अनिर्णित राहिला की झालं. खेळाडू आणि लोक इथे टाँटनला पडद्याकडे डोळे लावून बसले. पण तिथे दोघांनाही जिंकायचंच होतं, त्यांनी तडजोडीनं लक्ष्य ठरवलं आणि टोबी रोलंड-जोन्सनं हॅट्ट्रिक घेऊन मिडलसेक्सला विजेतेपद दिलं. त्या दुपारी काय लिहिलंत, असं मी बाईंना एकदा विचारलं. ‘काहीच नाही. माझी वही बंद होती. लॉर्ड्सवरचं मी कसं लिहिणार? मी तिथे नव्हते.’ मग थोडं थांबून म्हणाल्या, ‘पेपरातल्या आकड्यांशी मी माझे आकडे कधी जुळवून बघत नाही. मी जे पाहिलं ते लिहिते.’

हे वाक्य मला हिवाळाभर टोचत राहिलं. कारण त्या वहीत एक चेंडू असा आहे, जो लिहिणाऱ्यानं पाहिलाच नव्हता.

२०१९ला मी स्वतः इथे होते. शेवटचा सामना एसेक्सशी, सॉमरसेटला जिंकायलाच हवं होतं, एसेक्सला नुसतं टिकणं पुरे होतं, आणि पावसानं दिवसच्या दिवस खाऊन टाकले. लोक छत्र्या घेऊन कव्हर्सकडे बघत बसून राहिले होते. सामना अनिर्णित राहिला, चषक एसेक्सला गेला. पण अगदी शेवटी मार्कस ट्रेस्कोथिक बदली क्षेत्ररक्षक म्हणून मैदानात आला. १९९३पासून ह्याच एका काउंटीकडून खेळलेला माणूस, त्या सामन्याच्या संघातही नसलेला, निवृत्तीच्या आधी दोन क्षण आपल्या स्लिपच्या जागी उभा राहिला. सगळं मैदान उभं राहिलं होतं. एसेक्सचे लोकसुद्धा. माझ्या पुढच्या रांगेतला एक दांडगा शेतकरी टोपीत तोंड घालून रडत होता आणि त्याचा मुलगा त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभा होता. आणि २०२४चा सप्टेंबर! सरेचा संघ चौथ्या डावात ३ बाद ९५ होता, थोडीच षटकं उरली होती, सगळे आवराआवर करत होते. मग जॅक लीच आणि अठरा वर्षांचा आर्ची व्हॉन ह्यांनी चौदा धावांत सात गडी बाद केले. सगळं क्षेत्ररक्षण फलंदाजाभोवती कोंडाळं करून, हात पसरून, आणि प्रत्येक चेंडूला स्टँडमधून एकदम श्वास आत ओढल्याचा आवाज. फिरकी खेळपट्ट्यांमुळे इथले लोक टाँटनला प्रेमानं ‘सायडराबाद’ म्हणतात, सायडर म्हणजे इथली सफरचंदाची दारू. त्या संध्याकाळी मला खरोखर आपल्याकडच्या मैदानावर बसल्यासारखं वाटत होतं. पुढच्याच आठवड्यात सॉमरसेट लँकेशरकडून हरले आणि विजेतेपद सरेलाच गेलं. आठवडाभर गावात बेकरीतली बाई गिऱ्हाइकांशी नेहमीच्या लाडिक ‘माय लव्हर’शिवाय बोलत होती.

हे सगळं सांगितलं की कुणालाही वाटेल, मग काउंटी क्रिकेटचं दुखणं तरी काय? लोक येतात, रडतात, सामने रंगतात.

दुखणं ऑगस्टचं आहे. एप्रिलमध्ये बोटं गारठलेली असताना चार दिवसांचं क्रिकेट, म्हणजे चॅम्पियनशिप, सुरू होतं. मे संपता संपता खेळपट्ट्या जरा वाळतात, तोवर वीस षटकांचे सामने येतात. आणि ऑगस्ट, जेव्हा इंग्लंडमध्ये संध्याकाळ नऊपर्यंत रेंगाळते, मुलांना शाळेच्या सुट्ट्या असतात, गवत पिवळं पडलेलं असतं आणि फिरकी गोलंदाजाला हात फिरवावासा वाटतो, त्या महिन्याचा मोठा भाग चॅम्पियनशिपशिवाय जातो. २०२१पासून ते दिवस ‘द हंड्रेड’ ह्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेला दिलेले आहेत. सात शहरांचे आठ संघ, अठरा काउंटींमधले चांगले खेळाडू तिकडे जातात. सॉमरसेटच्या गावात असा संघ नाही. इथे त्या काळात पन्नास षटकांचे सामने होतात, त्यात नव्या पोरांना संधी मिळते, त्याचं मला बरंही वाटतं. पण सप्टेंबर उजाडतो तेव्हा सकाळी साडेदहाला दव असतं, साडेपाचला उजेड उतरायला लागतो आणि हंगामाचा निकाल ह्या दोन धुक्यांच्या मधल्या वेळात लावायचा असतो. म्हणून सप्टेंबरच्या सामन्यांना घाईचा वास येतो. जेवणाचं ताट वाढायचं, भात-वरण वाढायचं, भाजी काढून घ्यायची आणि मग एकदम ताकभातावर आणायचं, तसं काहीसं.

आणि ह्या बदलात आपल्याकडचा पैसा आहे, हे मला विसरता येत नाही. त्या आठ संघांतले हिस्से विकून इंग्लंडच्या क्रिकेटला सुमारे ५२ कोटी पौंड मिळाले. मुंबई इंडियन्सच्या मालकांनी ओव्हलच्या संघात ४९ टक्के घेतले आणि त्या संघाचं नाव एमआय लंडन झालं. हॅम्पशर तर आख्खी काउंटीच दिल्लीच्या जीएमआर समूहाकडे गेली. मैदानावर माझ्याकडे कुणी तिरक्या नजरेनं पाहिलं असं एकदाही झालेलं नाही. पण चर्चा निघाली की मी थोडी अवघडते. मनाचा एक कोपरा सुखावतो, हे कबूल केलं पाहिजे. ज्यांच्या पॅव्हिलियनमध्ये आपल्या आजोबांच्या पिढीला कुणी दारातही उभं केलं नसतं, तिथे आज आपल्याकडची माणसं धनादेश घेऊन बसतात. आणि त्याच पैशातून सॉमरसेटसारख्या काउंटींच्या वाट्यालाही मोठी रक्कम येते, गळकी छपरं दुरुस्त होतात, कर्जं फिटतात. दुसरा कोपरा विचारतो, की मुंबईच्या कांगा लीगमध्ये भर पावसात, गुडघाभर गवतात, कुणी बघत नसताना क्रिकेट खेळणारं शहर हे, त्याच्या पैशानं दुसऱ्या कुणाचा ऑगस्ट का विकत घ्यावा? दोन्ही कोपरे माझेच. त्यांचं आपसात अजून पटलेलं नाही.

बाईंना मी हे एकदा बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘ऑगस्ट तुझ्या लोकांनी घेतला नाही. आमच्या लोकांनी विकायला काढला.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. त्या क्लबच्या सभासद आहेत, चाळीसहून जास्त वर्षं. इथे बहुतेक काउंटी अजून सभासदांच्या मालकीच्या आहेत, हे आपल्याकडच्यांना पटकन पटत नाही. वर्षाची वर्गणी भरणाऱ्या, शाल गुंडाळून बसणाऱ्या ह्या बाईला मत आहे. चॅम्पियनशिपचे सामने दर काउंटीला चौदावरून बारा करावेत असा विचार पुढे आला, तेव्हा ठिकठिकाणच्या सभासदांनी आपापल्या क्लबला पत्रं लिहिली. बाईंनीही लिहिलं, हातानं, दोन पानं. खेळाडूंची बाजूही त्यांनी त्यात लिहिली होती. पोरं थकतात, दोन सामन्यांमध्ये रात्रभर बसमधून प्रवास करतात, त्यांना विसावा हवा, हे त्यांना दिसत होतं. ‘पण थकवा घालवायचा तर चार दिवसांचंच का कापायचं?’ २०२५च्या सप्टेंबरात काउंटींनी चौदा सामने तसेच ठेवायचं ठरवलं.

‘हे बघतं कोण?’ हा प्रश्न मला पुण्यातून आणि इथल्या ऑफिसातून, दोन्हीकडून विचारला जातो. गहुंजेला रणजीचा सामना असला की एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये कबुतरांच्या पंखांचा आवाज ऐकू येतो. वानखेडेवर मुंबईनं २०२४ला बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला, जामठ्याला पुढच्या वर्षी विदर्भानं तिसऱ्यांदा, आणि तरीही त्याआधीच्या साखळी सामन्यांना आलेली माणसं बोटांवर मोजता येतील. मीसुद्धा पुण्यात असताना किती वेळा गेले? इथे निदान हजेरी आहे. तिकिटाच्या खिडकीवर दिसत नाही अशीही हजेरी आहे. सामने काउंटीच्या वाहिनीवर फुकट दिसतात, सोबत स्थानिक रेडिओवरचं निवांत समालोचन. इथले सकाळचे अकरा म्हणजे उन्हाळ्यात पुण्यातले दुपारचे साडेतीन. माझा भाऊ संध्याकाळी कामावरून येऊन, चहाचा कप घेऊन ते लावतो आणि मला निरोप पाठवतो, ‘तुमच्याकडे आभाळ भरलेलं दिसतंय, छत्री आहे का?’ २००६मध्ये श्रीरामपूरचा झहीर खान वूस्टरशरकडून खेळून अठ्ठ्याहत्तर बळी घेऊन परत आला आणि नवाच गोलंदाज झाला, तेव्हा त्याचं एकेक षटक आपल्यापैकी कुणालाच बघायला मिळालं नव्हतं. पुढे रहाणे लेस्टरशरकडून खेळला तेव्हा डोंबिवलीतल्या एखाद्या खोलीत ते नक्की लागलेलं असणार. आणि तेच लेस्टरशर, ज्यांना वर्षानुवर्षं लोकांनी मोडीत काढलं होतं, ते २०२५मध्ये दुसऱ्या विभागात पहिले येऊन २००३नंतर प्रथमच वरच्या विभागात गेले. त्या दिवशी लेस्टरच्या मैदानावर एखाद्या वहीत कुणी तरी काय अक्षरात तो शेवटचा रकाना भरला असेल!

त्या संध्याकाळी साडेपाचच्या आत दोन्ही कर्णधारांनी हस्तांदोलन केलं. हंगाम संपला तो असा, एखाद्या घरातून पाहुणे निघावेत तसा. खेळाडू सीमारेषेजवळून टाळ्या वाजवत एक फेरी मारून आले, तो विशीतला गोलंदाज सगळ्यात मागे होता, हातात स्वेटर. कुणी तरी त्याला नावानं हाक मारली, त्यानं हात वर केला. लोक खुर्च्यांखालचे थर्मास, चष्म्यांची घरं, अर्धी राहिलेली शब्दकोडी गोळा करत होते. निरोपाचा शब्द एकच, ‘एप्रिलमध्ये भेटू’. तो म्हणताना म्हातारी माणसं एकमेकांचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवतात. माळी खेळपट्टीवर यंत्र घेऊन आलेच होते, गवत खरवडून त्यात बी आणि माती टाकायला. आठ दिवसांत तिथे काळा पट्टा दिसतो. बाहेर पडल्यावर रस्त्याकडेला सायडरच्या सफरचंदांचे ट्रॅक्टर चाललेले होते, गावभर आंबूस गोड वास. बाईंनी वही पिशवीत टाकली, वर शाल ठेवली. मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांची बस आली.

हिवाळ्यात मी बाबांची एक वही मागवून घेतली. भावानं पाठवली. पानापानावर पेल्याचे गोल डाग. शोधत होते म्हणून दिसलं, नाही तर लक्षात आलं नसतं. एका पानावर, एका चौकारावर सरळ रेघ, वर २, आणि बाजूला बाबांची बारीक सही. त्याच्याखाली, वेगळ्या शाईत, तीन आठवड्यांनंतरची तारीख. म्हणजे त्यांनाही ते नंतर कळलं होतं आणि वही उघडून त्यांनी ते केलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या सामन्याला मी लवकर गेले. वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. बाई आपल्या जागेवर होत्या, कानटोपी, हातमोज्यांची बोटं कापलेली, मांडीवर नवी कोरी वही. खाली बसायच्या आधीच मी सांगून टाकलं. शेवटचा दिवस, एकसष्टावं षटक, चौथा चेंडू, तो लेगबाय होता, मी फोनकडे बघत होते. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे त्या पोराचं ते निर्धाव होतं.’

‘हो.’

त्यांनी पिशवीतून त्या दिवशीचं छापील स्कोअरकार्ड काढलं, ते उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या जागेत निळ्या शाईत लिहिलं, षटक ६१, चेंडू ४, आणि पुढे एक छोटा उलटा त्रिकोण. मग कागद आणि पेन माझ्याकडे सरकवून बोटानं त्याच्या बाजूची जागा दाखवली. मी सही केली. ‘घरी गेले की लावते,’ म्हणाल्या आणि कागद घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मी आणखी काही बोलणार होते. पण नदीच्या टोकाकडून गोलंदाज धावायला लागला होता आणि त्यांनी पेन वर करून मला गप्प केलं.